दिवटी पेटलेली असताना

भाच्याचं लग्न झालं, सत्यनारायण झाला आणि त्याच रात्री बहिणीच्या अंगणात गोंधळ घातला. पाच उसांचा मांडव, खाली नव्या वस्त्रावर धान्याचा चौक, मधे कलश. म्होरक्या गोंधळ्याने अंगणातली ट्यूब बंद करायला लावली, दिवटीवर बुधलीतलं तेल सोडलं आणि ती पेटवली. जळत्या चिंध्यांचा आणि तेलाचा उग्र वास अंगणभर पसरला. भिंतींवर सावल्या हलायला लागल्या. नव्या सुनेच्या नाकातली नथ मधेच चमकायची आणि परत अंधारात जायची. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई अशा एकेकाला हाका सुरू झाल्या, संबळ तापला. आणि लग्नाचा फोटोग्राफर, विशीतला मुलगा, कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवून चौकाभोवती फिरत होता. जवळजवळ प्रत्येक ठेक्याला एक फ्लॅश. पांढरा लखलखाट, मग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे डाग, त्यातून दिवटी पुन्हा दिसू लागते न लागते तोच पुढचा लखलखाट. तुणतुणंवाला मान खाली घालून डोळे मिचकावत होता. शेवटी म्होरक्याने दोन गाण्यांच्या मधे हात थांबवले आणि अगदी शांतपणे विचारलं, "आरं बाळा, दिवटी पेटलीया न्हवं? मग तुझा ह्यो उजेड कशापायी?"

मुलगा ओशाळला. बहिणीच्या दिरांनी "तू काढ रे, तुझं कामच आहे ते" म्हणून त्याला सांभाळून घेतलं. थोडा वेळ फ्लॅश थांबला, मग पुन्हा सुरू झाला. कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. मला मात्र तो प्रश्न चिकटून बसला. मी फोटोग्राफरच्या घरात वाढले, स्वतः कॅमेरा चालवते आणि फ्लॅश केव्हा वापरायचा, किती वापरायचा याची उत्तरं मला पाठ आहेत. गोंधळ्याने विचारलं तसं मात्र मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

काही आठवड्यांनी अल्बम आला. करिझ्मा अल्बम, जाड पानांचा, बिजागरीसारखा उघडणारा. गोंधळाची दोन पानं होती. त्यात दिवटी म्हणजे टोकाला फिकट पिवळा डाग असलेली एक काठी. चेहरे पांढरे, सपाट. कवड्यांच्या माळेतली प्रत्येक कवडी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि मागचं अंगण मात्र खोल विहिरीसारखं काळं. त्या रात्रीचं जे काही होतं ते दिवटीच्या उजेडात होतं, आणि तो उजेडच फोटोत नव्हता.

तो गेला कुठे, याचा हिशेब सोपा आहे. दिवटीच्या उजेडात माणूस टिपायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) 1600, अॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा मोठा तसं भोक लहान) 2.8 आणि शटर 1/60 सेकंद उघडं, अशा आसपास यावं लागतं. फ्लॅशवाला सवयीने आयएसओ 200, अॅपर्चर 8, शटर 1/200 असं ठेवतो, कारण उजेड त्याने स्वतः आणलेला असतो. गुणाकार केला तर या दुसऱ्या मांडणीत कॅमेरा भोवतालचा उजेड दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी घेतो. ज्योत स्वतः प्रखर असते म्हणून डाग तरी उरतो. तिने चेहऱ्यांवर, भिंतींवर जे टाकलेलं असतं ते सगळं पुसलं जातं. शिवाय रंग. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तसा उजेड नारिंगी. तेलाच्या ज्योतीचा उजेड सुमारे 1900 केल्विनचा, गडद नारिंगी. फ्लॅशचा 5500 च्या घरातला, भर दुपारच्या उन्हाचा. मध्यरात्रीच्या गोंधळावर दुपारचं ऊन टाकलं की कवड्या दिसतात, गोंधळ दिसत नाही.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी फ्लॅश घरी ठेवून यावा लागतो असंही नाही. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावायची, ताकद 1/32 वर आणायची, तोंड माणसांवरून काढून बाजूच्या भिंतीकडे वळवायचं, शटर 1/15 वर ठेवायचं आणि रिअर कर्टन सिंक लावायचं. मग शटर उघडं असताना दिवटी आपली रेघ ओढते, संबळावरचा हात हलतो, आणि शटर मिटायच्या आधी फ्लॅशचा एक हलका स्पर्श त्या हाताला जागेवर धरतो. गोंधळ्याची नजर तुटत नाही. इतकं सगळं करायला अंगणात आल्याबरोबर आधी नुसतं उभं राहून पाहावं लागतं, की इथे उजेड कुठून येतोय.

आमचे अण्णा हे करायचे. तालुक्याच्या गावात त्यांचा स्टुडिओ होता, पुढे काचेचं शोकेस आणि मागे डार्करूम. लग्नाचं काम असलं की ते सकाळच्याऐवजी आदल्या संध्याकाळी सायकलवरून लग्नघरी चक्कर मारून यायचे. आई म्हणायची, आमंत्रण नसताना जातात. ते जायचे भिंती बघायला. भिंत चुन्याची असेल तर फ्लॅश तिच्यावर टाकून उजेड परतवता यायचा. चुन्यात नीळ जास्त पडलेली असेल तर चेहरे आजारी येतील, म्हणून ती भिंत बाद. जुन्या वाड्याचं तुळयांचं छत धुराने काळं झालेलं असलं तर ते सगळा उजेड पिऊन टाकणार, मग थेट मारण्यावाचून इलाज नाही. आजच्या मांडवात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. वर गुलाबी झालर ताणलेली असते, पोरं फ्लॅश वर वळवून "बाउन्स" करतात आणि सबंध वऱ्हाडाचे चेहरे गुलाबी होतात. अण्णांनी मांडवात शिरल्यावर पहिल्यांदा मान वर केली असती.

त्यांच्या सुरुवातीच्या काळात फ्लॅशचे बल्ब होते. काचेच्या आत केसासारख्या बारीक धातूच्या तारांचा गुंता आणि ऑक्सिजन. ठिणगी पडली की सगळं एकदम जळायचं, आणि बल्ब त्या एका फोटोपुरता. नंतर तो इतका तापायचा की उघड्या हाताने काढता यायचा नाही. अण्णा खिशातल्या रुमालाने पिळून काढायचे. विझलेल्या बल्बची काच आतून दुधाळ आणि फोडांनी भरलेली असायची. आम्ही पोरं ते गोळा करायचो. त्यांना जळक्या धातूचा एक कडवट वास यायचा, तो मला अजून कुठेही ओळखता येईल. यशिका कॅमेऱ्यातल्या 120 च्या रोलवर बारा फोटो निघायचे, आणि प्रत्येक बल्बचे पैसे वेगळे. त्यामुळे अख्ख्या लग्नात फ्लॅश किती वेळा उडायचा ते बोटांवर सांगता यायचं: अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी, विहीणभेट, मग बैठकीतला मोठा ग्रुप. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला, खांद्याला बॅटरीची पेटी आणि चार्ज होतानाची ती वर वर चढत जाणारी बारीक शिट्टी, मग लाल दिवा. तरीही फिल्मचा हिशेब होताच.

आणि एक सवय होती, ती मी दुसऱ्या कुणात फारशी पाहिली नाही. बटण दाबायच्या आधी अण्णा मोठ्याने म्हणायचे, "उजेड होईल हं." म्हाताऱ्या माणसांसाठी, मांडीवर पोर असलेल्या बायकांसाठी. सगळी खोली एकदम सावध व्हायची, काहींचे डोळे त्यामुळेच मिटायचे आणि फोटो बिघडायचा. एकदा मी विचारलं, न सांगता काढलं तर चांगला नाही का येणार? ते म्हणाले, "येईल. पण लोकांच्या डोळ्यांत काहीतरी फेकायचं, तर सांगून फेकावं."

फोटोग्राफीतल्या बाकीच्या बहुतेक गोष्टी समोरच्याला कळतही नाहीत. लेन्स कोणती, शटर किती, आपण काय घेतलं, काय सोडलं. फ्लॅश मात्र समोरच्याच्या अंगावर जातो. तो त्याच्या बुबुळांत शिरतो, त्याची तंद्री मोडतो, मागे डाग ठेवून जातो. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात; एका फ्लॅशने त्यातला बराचसा सराव वाया जातो. म्हणून किती वेळा, हा प्रश्न एकट्या फोटोग्राफरने सोडवायचा नाही असं मला वाटतं. ज्याच्यावर उजेड पडणार त्याचाही त्यात आवाज हवा.

1946 साली तो आवाज गांधीजींच्या बाजूने स्पष्ट लावला गेला. "लाइफ" या अमेरिकन साप्ताहिकाची फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट त्यांचा चरख्याबरोबरचा फोटो काढायला आली. आधी स्वतः सूत कातायला शीक, मग फोटो, अशी अट पडली. तिने ती पाळली. तो दिवस मौनाचा सोमवार. बापूंना प्रखर दिवा सोसत नसे, पण खोलीत उजेड फारच कमी होता, म्हणून अखेर परवानगी मिळाली ती तीन फ्लॅशबल्बची. तीनच. पहिले दोन प्रयत्न वाया गेले आणि तिसरा साधला. तो फोटो आपण सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलाय: पुढे चरखा, मागे खाली मान घालून कागद वाचणारे बापू. त्यात मला दरवेळी दिसतो तो मागच्या खिडकीचा उजेड. सगळी रचना त्या खिडकीवर उभी आहे. बल्ब हातात तीनच असल्यावर माणूस खिडकीकडे नीट बघत असेल.

नंतरची गोष्ट अवघड आहे. 30 जानेवारी 1948. हत्येनंतर बिर्ला हाउसमध्ये जिथे देह ठेवला होता त्या खोलीत हीच बर्क-व्हाइट पोचली आणि तिने फ्लॅश वापरला. भोवती शोकात बसलेल्या माणसांना तो उजेड सहन झाला नाही. तिचा कॅमेरा धरला गेला, फिल्म काढून घेतली गेली. ती काही निर्दय बाई नव्हती. बापूंविषयी तिला खरी माया होती, आणि जगाला हे दिसलं पाहिजे ही तिची तळमळ मला समजते. त्याच दिवशी दुपारी फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ बापूंना भेटून गेला होता आणि बातमी कळताच परत आला होता. तो फ्लॅश वापरायचाच नाही. जागेवर जो उजेड आहे त्याचा मान राखायचा, असं त्याचं तत्त्व होतं. त्या रात्री फाटकापाशी चढून नेहरू जमावाला बापू गेल्याचं सांगताहेत, तो फोटो त्याचा. दिव्याचा अपुरा उजेड, चित्र हललेलं, बरंचसं काळं. तांत्रिक परीक्षेत नापास होईल असा फोटो. त्या संध्याकाळी देशात जितकं दिसत होतं, तितकंच त्यात दिसतं.

बाई तीच आणि समोर बापूही तेच. 1946 मध्ये तिच्या हातात दिलेले बल्ब होते, 1948 मध्ये ते कुणी दिलेले नव्हते.

आता बल्ब संपत नाहीत. सेल रिचार्ज होतात, कार्डावर हजारो फोटो मावतात, आणि फोनच्या मागचा एलईडी तर कुठल्याही अंतरावर आपोआप पेटतो. त्या एलईडीची पोच दोन-चार मीटर. नाट्यगृहात पंचविसाव्या रांगेतून तो रंगमंचावर काहीच पाडत नाही. पडतो तो पुढच्या रांगेतल्या टकलांवर आणि अंबाड्यांवर. उजेडाचं गणित निर्दय आहे, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. पंगतीचा फोटो आठवा: एका मीटरवरच्या पानातली जिलेबी जळून पांढरी, आणि चार मीटरवरच्या पानाला तिच्यावरच्या उजेडाचा सोळावा हिस्सा, म्हणून तिथला जेवणारा माणूस जवळजवळ गायब.

अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदरा, पुरुषवाडीकडे, मे संपता संपता काजवे बघायला जी गर्दी लोटते, तिथे हे सगळ्यात जास्त बोचतं. हिरडा, सादडा, जांभळाचं झाड आख्खं पेटतं-विझतं. नर चमकत हिंडतो, मादी झुडपातून उत्तर देते, आणि या संभाषणासाठी त्यांच्याकडे आयुष्याचे थोडेच दिवस असतात. तिथे कुणी फ्लॅश मारला तर फोटोत काय येतं? पानं. हिरवीगार, स्वच्छ, निर्जीव पानं. काजवा त्याच्याच उजेडाने टिपावा लागतो, कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून, शटर पंधरा-वीस-तीस सेकंद उघडं ठेवून, आणि शेजारच्यांना हात जोडून की टॉर्च लावू नका. अजिंठ्यालाही फ्लॅशला बंदी आहे. तिथे चर्चा नेहमी रंगांच्या नुकसानीची होते, आणि हजारो माणसं रोज येतात तिथे ती काळजी मला पटते. पण समजा काडीचंही नुकसान होत नसतं, तरी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीवर समोरून फ्लॅश टाकणं वायाच आहे. जाणता गाइड बॅटरी भिंतीला चिकटवून बाजूने उजेड सोडतो आणि गळ्यातले मोती एकदम उठून दिसतात, बोटाने उचलावेत असे. समोरून टाकला की ते पांढरे ठिपके होतात.

इतकं लिहिल्यावर वाटेल, ही बाई फ्लॅशच्या विरोधात आहे. नाही.

भर दुपारी वारीत चाललेल्या माणसाचा फोटो घ्या. डोक्यावर टोपी किंवा फेटा, डोळे खोबणीत काळे, कपाळ पांढरं. तिथे फ्लॅशचा थोडा उजेड भरला की डोळे दिसतात, त्या डोळ्यांत माणूस दिसतो, आणि उन्हात तो त्याला जाणवतही नाही. माझ्या मते फ्लॅश सगळ्यात जास्त वापरावा तो उन्हात, आणि लोक तिथेच तो विसरतात. गुलाल उधळतात तेव्हा हवेतला एकेक कण धरायला फ्लॅशच हवा, कारण कमी ताकदीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ जगतो. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरोल्ड एजर्टनने 1930 च्या दशकात याच बळावर दुधाच्या थेंबाने उडवलेला मुकुट दाखवला. नुसत्या डोळ्याला तो दिसतच नाही. आणि एक गोष्ट प्रत्येक आईबापाला ठाऊक असावी. अंधारात बाहुली मोठी होते, फ्लॅश लेन्सच्या जवळ असला की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून लाल उजेड परततो आणि फोटोत डोळे लाल येतात. लहान मुलाच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर कधी ते नुसतं कोनामुळे असतं, पण कधी मोतीबिंदू असतो, आणि कधी रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. तो बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो आणि लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. कितीतरी घरांत तो पहिल्यांदा दिसला तो फ्लॅशच्या फोटोत. असा फोटो दिसला की फोनमधल्या "रेड आय" दुरुस्तीला हात न लावता मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. साध्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्याला कायमची इजा होत नाही, असं हेच डॉक्टर सांगतात. तरी बारशाला पाळण्यात वाकून एकामागून एक उजेड पाडणाऱ्या काका-मामांना मी थांबवते, कारण बाळ दचकतं आणि त्याला आपल्यासारखं तोंड फिरवून निघून जाता येत नाही. जागरणात अपस्माराचं माणूस बसलेलं असेल तर तीन-चार कॅमेरे एकदम सुरू होताना दोनदा विचार करावा. अशा रुग्णांपैकी थोड्यांनाच, शंभरात तिघांच्या आसपास, लुकलुकत्या उजेडाने झटका येतो. पण तो थोड्यांतला एक आपल्या अंगणात असू शकतो.

आणि मग ती मोठी अडचण, जिच्यापाशी मी गेले काही महिने अडकले आहे.

1887 साली जर्मनीत मॅग्नेशियमची झटपट जळणारी पूड निघाली आणि न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या पोलिस-बातमीदाराने ती लगेच उचलली. स्थलांतरित मजुरांच्या चाळी, तळघरं, जिथे दिवसाही काळोख, तिथे रात्री शिरून तो पूड पेटवायचा. झोपेतून दचकून उठलेली माणसं, एका खोलीत दाटीवाटीने कोंबलेली. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या माळ्यावर त्याच्या पुडीने भिंतीवरच्या कागद-चिंध्यांना आग लागली. खोलीत पाच आंधळी माणसं आणि सहावा तो. त्याने ती कशीबशी विझवली आणि नंतर स्वतःच लिहून ठेवलं. "उजेड होईल हं" असं त्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांच्या मापाने पाहिलं तर हे सगळंच चूक. तरी त्या फोटोंनी शहरातल्या सुखी लोकांना त्या खोल्या पहिल्यांदा दाखवल्या, घरांच्या सुधारणेच्या चळवळीला बळ दिलं. जो उजेड तिथे होता त्याचा मान राखला असता, तर ती माणसं काळीच राहिली असती. कारण तिथला अंधार त्यांनी निवडलेला नव्हता.

अण्णांच्या निगेटिव्हांच्या पेट्या मी हल्ली स्कॅन करते आहे. 1960 च्या दशकातलं आमच्याच वाड्यातलं एक लग्न. बल्ब थेट मारलेला, कारण छत काळं. मधे वधूवर, हार, भटजी. आणि डाव्या कडेला, माजघराच्या दाराच्या चौकटीत, अर्धी आत अर्धी बाहेर, अण्णांची मोठी काकू. ती विधवा होती. मंगलकार्यात पुढे यायची नाही, तिला कुणी बोलवायचंही नाही. पदर ओठांत धरलेला, टाच उचलून बघतेय. तिचा दुसरा एकही फोटो घरात नाही. अण्णांनी तिला टिपायचं म्हणून टिपलेलं नव्हतं. बल्बच्या उजेडाला कुणी पुढे यायचं आणि कुणी नाही हे माहीत नव्हतं, एवढंच. समईच्या उजेडात काढला असता तर तो फोटो फार सुंदर आला असता आणि काकू त्यात नसती.

हे दिसल्यावर मी त्या मुलाला, गोंधळाच्या फोटोग्राफरला, फोन केला आणि सगळे मूळ फोटो मागून घेतले. त्याने आढेवेढे न घेता पाठवले. त्यात गोंधळ्याने टोकल्यानंतरचे काही होते, फ्लॅश बंद करून काढलेले, दाणेदार, हललेले. अल्बममधून त्याने ते वगळले होते. एकात म्होरक्याचा चेहरा निम्मा नारिंगी आणि निम्मा रात्रीत, नथीची एक ठिणगी, दिवटीची ज्योत वाऱ्याने फाटलेली. मी तो किती वेळ बघत बसले सांगता येणार नाही. नंतर फ्लॅशवाल्यांतला एक उघडला. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून काढलेला. दारात तीन बायका, भाकरी थापायला गावातून आलेल्या, हाताला पीठ, एकीचं पोर तिच्या निऱ्यांना धरून. गोंधळ बघायला तेवढ्यापुरत्या उठून आलेल्या. दिवटीच्या फोटोत त्या जागी नुसता काळोख आहे.

मुलाशी बोलणं लांबलं. तो म्हणाला, "मावशी, मला पण दिवटीवाला आवडतो. पण पार्टी विचारते, चेहरे काळे का? पैसे कापतात." ते खरं आहे. आपल्याकडे फ्लॅशकडून उजेडाइतकीच गोरेपणाचीही अपेक्षा असते. अण्णांकडेही गिऱ्हाईक म्हणायचं, "मुलीचा जरा उजळ काढा, स्थळाला दाखवायचाय." मेकअपच्या थरावर जवळून फ्लॅश मारला की सावळी नवरी दोन रंगांनी वर जाते आणि घरचे खूश होतात. तिचा स्वतःचा रंग, ज्यावर हळद इतकी सुरेख दिसते, तो अल्बममध्ये कुठेच नसतो. या गोष्टीचा मला राग येतो, आणि तो या मुलावरचा राग नाही.

त्याच्याकडे पुढच्या महिन्यात एक जागरण आहे, त्याच पंचक्रोशीत. काय करू, म्हणून त्याने विचारलं, आणि मी त्याला लिहून पाठवलं. संध्याकाळी लवकर जा, दिवटी पेटायच्या आधी. यजमानांना आणि वाघ्या-मुरळीला भेट, कुठून काढलेलं चालेल ते विचार. अंगणाची पांढरी भिंत शोध आणि त्या भिंतीवर फ्लॅश परतवून घरातल्या सगळ्यांचा एक फोटो काढ. बटण दाबायच्या आधी मोठ्याने सांग. तो फोटो पार्टीला हवा तसा स्वच्छ येऊ दे, चेहरे ओळखू येऊ देत. दिवटी पेटली की फ्लॅश बॅगेत, आयएसओ वर, आणि दाण्यांना घाबरू नकोस. अगदीच लागला तर जेल लावून, भिंतीकडे, थोडक्यात. यजमानांना आधीच दोन्ही तऱ्हेचे नमुने दाखव, म्हणजे नंतर पैशांवरून वाद नको. आणि तो सगळ्यांचा फोटो काढताना स्वयंपाकघरातल्यांना बाहेर बोलवून घे. त्या आपणहून येणार नाहीत, पीठ लागलंय, साडी चांगली नाही म्हणतील, तर यजमानबाईंना पाठव.

त्याने उत्तर पाठवलं: "ठीक. पण त्या आल्या तर कुठं उभ्या करू? मागच्या रांगेत उजेड पोचणार नाही." मी लिहिलं, पुढे बसव.